शेवंतीच्या पायाचं माप

देवखेड, ता. अर्धापूर
२० ऑगस्ट २०२४

ज्योत्स्ना,

मायना-बियना मला लिहिता येत न्हाई, चौथीतून शाळा सुटली. मुद्द्याचं ऐक. नागपंचमीला मी तुझ्याशी तोंडानं बोलणार न्हाई म्हून शपथ घेतली, ती मोडणार न्हाई. तू फोन करू नको, केला तर उचलणार न्हाई. कागदाची शपथ घेतली नव्हती म्हून लिहून राहिले. आमचे हे केळीच्या गाडीबरोबर नांदेडला जातेत. तिथं लातूरच्या बसच्या ड्रायव्हरजवळ ही चिठ्ठी देतील. बालाजी भावजीला म्हण, चाकूरच्या स्टँडावर उतरून घ्या.

काम असं हाय. शेवंतीला बूट पाहिजेत.

हसू नको. घोड्याचे बूट असतेत म्हणं, रबराचे, घालायचे आन काढायचे. जनावराचा डॉक्टर म्हणला. देवाच्या घोडीच्या पायाला लोखंड लावायचं न्हाई, नाल न्हाई, खिळा न्हाई, हे तुला नव्यानं सांगायला नको, तू बी ह्याच घरात नांदलीस. आजवर अडलं न्हाई, कारण गावाला माती होती. आता पालखीच्या सगळ्या वाटेवर सिमेंट झालं. मागच्या चंपाषष्ठीला शेवटच्या वळणावर शेवंती लंगडली. तू पाहिलंच आसशील, तुझी नजर तिच्यावरनं हलती कुठं. तवाच सिद्धलिंग गुरवानं देवळापुढं सगळ्यांदेखत सांगितलं, पुढच्या साली लंगडली तर घोडी धाकट्या सुनेच्या घरी जाईल, चाकूरला, तिकडं रान मऊ हाय. आन नागपंचमीला झोक्यापाशी सगळ्या बायकांत तू म्हणलीस, "द्या अक्का मला, मी सांभाळते." किती गोड आवाज काढलास. त्या दिवसापासनं मला भाकर गोड लागत न्हाई.

आता बघ देवाची करणी. बूट मिळाले तर घोडी माझ्या दारात ऱ्हाईल, न्हाई मिळाले तर तुझ्या. आन बूट हुडकायला मला तुझ्याशिवाय माणूस न्हाई. फोनवरनं सामान मागवता येतं ते तुला. लातूरला घोड्यावर बसायचं शिकिवतेत तिथं वळख हाय ती बी तुमची.

पुढचे खूर रुंदीला सहा बोटं, लांबीला थोडं कमी. चामड्याचे नको, देवापुढं चामडं चालत न्हाई. पुढच्या दोनच पायांचे पाहिजेत, मागचे बरे हायत.

उगी लांबवू नको. षष्ठीच्या आत पाहिजेत.

कावेरी


चाकूर
२७ ऑगस्ट २०२४

ती. अक्कांस ज्योत्स्नाचा नमस्कार.

चिठ्ठी पोचली. ड्रायव्हरनं ती केळीच्या पिशवीत खोचली होती, म्हणून दोन ओळी केळीच्या डागात गेल्या. ज्या वाचता आल्या त्यांत मला जे बोलायचं ते तुम्ही बोलून घेतलंच आहे.

असे बूट मिळतात. लातूरच्या क्लबात श्रीनाथ सर म्हणून आहेत, त्यांच्याकडे दोन घोड्यांना आहेत. त्यांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली, माप चुकलं तर बूट नसलेलाच बरा. सैल झाला तर फिरतो आणि टाच सोलते. घट्ट झाला तर घोडं पाय टेकत नाही.

तुम्ही बोटांनी माप पाठवलंत. कुणाची बोटं, अक्का? तुमची सहा म्हणजे माझी साडेसात होतील.

असं करा. आधी खूर घासून घ्या. लोखंडाची कानस आपल्याला चालत नाही, तर सुताराकडचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासा. वेळ लागेल, घाई करू नका. मग पायाखाली पुठ्ठा ठेवा, दुसरा पाय कुणाला तरी उचलून धरायला सांगा, म्हणजे सगळं वजन त्याच पायावर येईल. पेन्सिल उभी धरून कडेनं रेघ ओढा. दोन्ही पायांची वेगळी. रेघ जशी येईल तशी येऊ द्या.

आणि तिच्याजवळ उजव्या अंगानं जाऊ नका. शिंगरू असल्यापासून त्या बाजूनं दचकते. बोलत बोलत गेलं की उभी राहते. गूळ कमी द्या, पाय गरम होतात त्यानं.

ज्योत्स्ना


देवखेड
१२ सप्टेंबर

ज्योत्स्ना,

माझी बोटं जाड हायत. हंड्याच्या, विळ्याच्या, लिदीच्या टोपल्याच्या कामानं जाड झालीत. तुझी बारीक राहिली ती का राहिली त्याचा विचार चाकूरच्या फरशीवर बसून कर.

शेवंतीजवळ कुठल्या अंगानं जायचं ते मला शिकवायचं न्हाई. तिची माय वेतात मेली तवा तू तिला शेळीचं दूध बाटलीनं पाजलंस, खरं हाय, सगळा गाव सांगतो, मेलं तरी सांगत ऱ्हाईल. मंग भावजीची बदली झाली आन तुम्ही गेलात चाकूरला. दूध तू पाजलंस, लीद मी उचलली. आजवर उचलून राहिले. लिदीचं कोणी सांगत न्हाई.

सोबत दोन पुठ्ठे हायत. उजवा पाय, डावा पाय, नाव लिवलंय. आमचे हे पाय धरायला होते, मी रेघ मारली आन कात्रीनं कापून घेतलं. खूर कसे हायत बघून घे. वाटीसारखे गोल, दोन्ही सारखे. लोक म्हणतेत कावेरीच्या घरी घोडीची आबाळ हाय, त्यांना हे पुठ्ठे दाखीव. भिंतीला लाव पाहिजे तर.

घासायचं म्हणलीस ते घासलं.

बूट कधी येतील ते लिही. बाकी काही लिहू नको.

कावेरी


चाकूर
३० सप्टेंबर

ती. अक्का,

बूट पाठवते आहे. नवे मागवले तर परत करायची अडचण, म्हणून श्रीनाथ सरांकडे असलेला त्या नंबरचा एक जोड त्यांनी आधी घालून बघायला दिलाय. तुमचे पुठ्ठे मी बुटात ठेवून बघितले, नीट बसले.

घालायची रीत: पट्टा पूर्ण सोडा. पाय उचलून गुडघ्यावर घ्या, खुराचं पुढचं टोक आधी आत, मग टाच. हातानं दाबलं की बसला पाहिजे. बसला की पाय खाली ठेवून तिला चार पावलं चालवा आणि मगच पट्टा आवळा. पहिल्या दिवशी थोडाच वेळ ठेवा. काढल्यावर टाचेवर हात फिरवून बघा, लाल झालंय का.

जोर लावायचा नाही. जोर लागतोय म्हणजे माप चुकलंय.

तिला विचारलंय म्हणून सांगा. तुम्ही सांगणार नाही, तरी लिहिते.

ज्योत्स्ना


देवखेड
५ ऑक्टोबर

ज्योत्स्ना,

बूट परत पाठवून राहिले. जात न्हाईत.

मला आधीच शंका होती. बुटात पाय तर जायलाच तयार न्हाई. टोक गेलं तर टाच बाहेर, टाच दाबली तर टोक वर येतंय. आमच्या ह्यांनी पाय धरला, मी बूट धरला, घोडीनं दोघांना धरून कडब्यावर फेकलं. ह्यांच्या कमरेला लागलं, आता ते वाकून चालून राहिले. पारूबाई कुंपणावरनं बघत होती. म्हणली, "कावेरे, घोडीला बूट घालून राहिलीस का सूनबाईला बांगड्या?" सगळ्या गल्लीत हसं झालं.

मी अडाणी हाय पण येडी न्हाई. पुठ्ठा बुटात बसतो आन पाय बसत न्हाई, असं कसं? नंबर तू सांगितला. बूट तू निवडला. लंगडली तर घोडी कुणाच्या दारात जाणार हाय? तुझ्याच ना? कोल्ह्याला कोंबड्याची राखण दिली मी.

तुझ्या मनात असलं तर सरळ सांग. मी दुसऱ्या कोणाला तरी बघीन. कोण हाय ते मला माहीत न्हाई, पण बघीन.

कावेरी


चाकूर
१० ऑक्टोबर

अक्का,

कोल्ह्याला चिठ्ठी मिळाली.

मी माप तुमच्या पुठ्ठ्यावरून घेतलं. पुठ्ठा आणि पाय एकच असतील तर बूट बसायला पाहिजे होता. एवढंच म्हणते.

पुन्हा रेघ मारून पाठवा. ह्या वेळी खाली वर्तमानपत्राचा अख्खा कागद घ्या आणि कापू नका.

मोठ्या भाऊजींच्या कमरेला शेक द्या.

ज्योत्स्ना


देवखेड
२१ ऑक्टोबर

ज्योत्स्ना,

तू माझ्या घरात आली होतीस.

मी गल्लीतल्या बायकांसंगं माहूरला रेणुकेच्या दर्शनाला गेले. मी गेले, आन तू आलीस. कोणी सांगितलं ते विचारत न्हाई, आमच्या ह्यांनीच भावजीला फोन केला आसंल. दोघं भाऊ पाण्यात काठी मारली तरी येगळे व्हायचे न्हाईत. ह्यांना मी विचारलं, तर म्हणले, "आली होती, च्या बी न घेता गेली." ते असं म्हणले जसं काय मीच तुला च्या दिला न्हाई.

पारूबाईनं सगळं सांगितलं. तिच्या तोंडातून प्रत्येक गोष्ट दोनदा येती, म्हून मी ती दोनदा ऐकली. तू फाटकात आलीस, हाक बी मारली न्हाई, नुसती खोकलीस, आन शेवंती गोठ्यात खिंकाळाया लागली. दावं तोडती का काय असं झालं म्हणं. मंग तू खाली मातीत बसलीस, चांगल्या लुगड्यानिशी, आन तिनं पाय उचलून तुझ्या मांडीवर ठिवला. आपला आपण ठिवला. कोणी धरला न्हाई.

मला तिचा पाय उचलायचा म्हणलं तर दोन माणसं लागतेत.

मी काय कमी केलं सांग. पेंड मी घालती, पाणी मी पाजती, गोमाशा मी हाकलती, उन्हाळ्यात माझ्या अंगावरची चादर ओली करून तिच्या पाठीवर टाकली. ती मला बघून कान बी हलवत न्हाई. भांड्याचा आवाज झाला की बघती. भांड्याकडं बघती, माझ्याकडं न्हाई.

चोर रात्री येतो, तू दिवसा आलीस, एवढाच फरक. काय बघायचं होतं तुला? कोणाला सांगायचं होतं? सिद्धलिंग गुरव तुला फाटकापाशी भेटला, ते बी पारूबाईनं सांगितलं. काय बोललीस त्याच्याशी? आता तर तुझं काम झालं आसंल.

मला उत्तर पाहिजे.

कावेरी


चाकूर
२५ ऑक्टोबर

ती. अक्का,

उत्तर देते. लांब आहे, बसून वाचा.

मी सांगून आले असते तर तुम्ही येऊ दिलं नसतं. म्हणून तुम्ही नसताना आले. ते वाईट केलं म्हणा, मी नाही म्हणत नाही.

मी अख्खा कागद घेऊन आले होते. तिच्या दोन्ही पुढच्या पायांची रेघ मारली. घरी येऊन तुमच्या पुठ्ठ्यावर ठेवून बघितली. अक्का, तुमच्या पुठ्ठ्यावर खूर गोल आहेत आणि दोन्ही सारखे आहेत. तिचे खूर गोल नाहीत. बाहेरच्या बाजूनं पसरलेत, फणसाची फोड पसरते तसे, आणि उजवा डाव्यापेक्षा मोठा आहे. उजव्याला पुढं चीर आहे. तुमच्या पुठ्ठ्याच्या कडेला पेन्सिलीची रेघ कुठंच नाही, नुसती कात्री आहे. तुम्ही रेघेच्या आतून कापलं. सुंदर कापलंत. मला ते दिसू नये म्हणून कापलंत.

म्हणजे मी त्या पुठ्ठ्याच्या पायाला बूट आणले. शेवंतीच्या पायाला नाही.

खूर पसरले ते तुमच्या आबाळीनं नाही. लोखंड लावायचं नाही आणि वर सिमेंट, कुणाच्याही घरी पसरले असते. माझ्या घरीही. मला एवढं कळतं. तुम्हाला वाटलं मी हसेन. नागपंचमीला मी जे बोलले त्यानंतर तुम्हाला तसं वाटलं तर त्यात तुमची चूक काय?

आता सिद्धलिंगमामांचं. फाटकापाशी भेटले. "घोडी कशी हाय, ज्योत्स्नाताई?" विचारलं. एका शब्दात काम झालं असतं. मी म्हणाले, "बरी आहे." का म्हणाले ते बसमध्ये लोह्यापर्यंत माझं मलाच कळेना.

आणि एक सांगते, म्हणजे तुमचा संशय अगदीच हवेत राहायला नको. पहिले बूट परत आले ना, त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. दिवसभर. संध्याकाळी मी मागच्या अंगणात जाऊन जागा बघून आले, इथं तिला बांधता येईल, इथं सावली येईल. ह्यांनी विचारलं काय बघतेस, तर म्हणाले, तुळस हलवायची आहे. तुम्ही म्हणता शेवंती तुमच्याकडे बघत नाही. ती रोज तुमच्या दारात असते, अक्का. मी वर्षातून दोनदा येते, मग ती खिंकाळणार नाही तर काय करणार. मला रोज न बघणारी घोडीही चालली असती.

खूर मी थोडे घासलेत. पॉलिश पेपरनंच, देवाची शपथ. उरलेलं तुम्ही घासा, रोज थोडं. नवे बूट मागवलेत, उजवा एका नंबरनं मोठा. आले की पाठवते.

ज्योत्स्ना


देवखेड
१९ नोव्हेंबर

ज्योत्स्ना,

तुझी चिठ्ठी आली तवा दिवाळीचं तळण चालू होतं. वाचली आन चुलीत घालणार होते. घातली न्हाई. पुठ्ठ्याचं जे लिवलंस त्याच्यावर मला काही बोलायचं न्हाई. कात्री धारेची होती, हात वळला.

बूट आले. सिद्धलिंगमामाला आधी दाखवून घेतले, न्हाईतर ऐन टायमाला कोणीतरी खोडा घालायचं. चार म्हातारे देवळात बसून बघून राहिले. एक म्हणला, "देवाच्या घोडीला बूट? उद्या चष्मा आणताल." सिद्धलिंगमामानं बूट हातात घेऊन उलटा केला, वास घेतला, चामडं न्हाई बघितलं आन म्हणला, "देवानं खिळ्याला मनाई केली. वहाणेला केल्याचं माझ्या कानावर न्हाई." झालं, मिटलं. पण पालखीपुढं घोडी घरच्या बाईच्याच हातात पाहिजे, आन लंगडायला नको, हे पुन्हा सांगायला इसरला न्हाई.

बूट बराबर असतील. बघून तसं वाटतंय. खात्री न्हाई, कारण ती मला पायाला हात लावू देत न्हाई. बूट हातात दिसला की भिंतीला जाऊन लागती, डोळे पांढरे करती. मागच्या बुटाच्या वेळी मी तिच्या नाकाला दोरीचा पीळ दिला होता आन लाकडानं ठोकून बूट बसवाया बघितला. जोर लावू नको म्हणली होतीस. लावला. तिला ते ध्यानात हाय.

ह्यांनी बघितलं, न्हाई जमलं. जनावराचा डॉक्टर म्हणला, सुई देऊन झोपाळू करतो. झोपाळू घोडी पालखीपुढं काय चालणार, गोणपाटावाणी?

षष्ठीला थोडेच दिवस राहिले. रातच्याला मला पालखीचा आवाज ऐकू येतो आन मागं घोडीचं लंगडणं. उठून गोठ्यात बघितलं तर ती आपली उभी असती. मला बघून तोंड फिरवती.

आता लिवते ते एकदाच लिवते, पुन्हा लिवणार न्हाई. तू ये. आदल्या दिवशी ये. पहाटे गोठ्यात तू बूट घाल, कोणी बघायच्या आत. पालखीपुढं मी धरीन. तू घातलेस हे कोणाला सांगायचं न्हाई. तू घालत असशील तवा मी बाहेर उभी ऱ्हाईन, मला ते बघवणार न्हाई.

तुझ्या फायद्याचं ह्यात काही न्हाई. तू न्हाई आलीस तर घोडी तुझी हाय. हे मला कळतं. लिवताना दोनदा कागद टाकून दिला.

शपथ हाय तशीच हाय. बोलणार न्हाई.

कावेरी


चाकूर
२५ नोव्हेंबर

ती. अक्का,

येते.

तोवर बूट गोठ्यात तिच्या पेंडीच्या घमेल्याशेजारी ठेवा, तिला वास येऊ द्या. हातात घेऊन तिच्यासमोर जाऊ नका.

तुळस मी हलवली नाही.

ज्योत्स्ना


देवखेड
१० डिसेंबर २०२४

ज्योत्स्ना,

तू गेलीस त्याला तीन दिवस झाले. जाताना बोलणं झालं न्हाई, होणार बी नव्हतं. सगळा वेळ ह्यांच्या तोंडानं चाललं. "तिला सांगा च्या घे." "अक्कांना सांगा घेतला." ते म्हणले, "मी काय पोस्ट हाय का?" पोराटोरांपुढं मला हसू आलं, मी पदर तोंडाला लावला. तुला बी आलं होतं, मी पाहिलं.

पहाटे मी बाहेर उभी होते. थंडी लई होती. आतून काहीच आवाज आला न्हाई, न दावं, न खूर. नुसतं तू काहीतरी पुटपुटत होतीस. मंग तू बाहेर आलीस, हात पुसत, आन माझ्याकडं न बघता विहिरीकडं गेलीस. मी आत गेले. दोन्ही बूट पायात. पट्टे सरळ. ती पाय बदलत बी नव्हती, जसं काय जन्मापासनं घालती.

पालखी निघाली ते तू गर्दीतून बघितलंस. मी जवळून सांगते, तुला तिथून दिसलं नसंल.

भंडारा उधळला, वाघ्या-मुरळी पुढं, वाजंत्री पुढं, मी अनवाणी, ती बुटात. पोरं ओरडून राहिली, "घोडी बाटाच्या दुकानात गेली." मी कासरा धरून खाली मान घालून चालले आन तिच्या पायाचा आवाज ऐकून राहिले. मागच्या साली सिमेंटवर कडक कडक वाजायचं, त्यात एक पाय खोटा पडायचा. ह्या साली नुसतं धप धप. सारखं. पयल्या वळणाला सारखं, शाळेपाशी सारखं. 

शेवटच्या वळणाला ती थांबली.

वाजंत्री पुढं गेली आन ती थांबली.  सिद्धलिंगमामा काठी टेकत पुढं आला, तिच्या पायाकडं बघाया लागला. पारूबाई मागनं म्हणली, "लंगडली वाटतं." मी कासरा ओढला, हालली न्हाई. पाय दुखून राहिला न्हाई हे मला कळलं, चारी पाय सरळ टेकले होते. तिची मान वर होती. कान पुढं. ती बायकांच्या घोळक्याकडं बघून राहिली होती. मी बी तिकडं बघितलं. पिंपळाच्या अलीकडं तू उभी होतीस, हिरव्या लुगड्यात.

एक खोकला काढायचा होतास, ज्योत्स्ना. तेवढंच करायचं होतंस. ती कासऱ्यासकट मला घेऊन तुझ्याकडं आली असती आन सगळ्या गावानं बघितलं असतं घोडी कोणाची हाय. पाय धड का न धड, मंग कोणी इचारलं नसतं. सिद्धलिंगमामानं तिथंच निकाल दिला असता.

तुझी आन माझी नजर भेटली. तू पाठ फिरवलीस आन त्या बायकांच्या मागं खाली बसलीस. धुळीत. लुगड्याचा पदर डोक्यावरनं ओढून घेतलास. बायकांना वाटलं तुला चक्कर आली. तुझ्याजवळच्या नागुबाईनं पाणी मागितलं ते मी ऐकलं.

शेवंती तुला हुडकत राहिली. मान इकडं, मान तिकडं. मंग तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं का बघितलं ते मला कोणी सांगायला नको. दुसरं कोणी दिसत नव्हतं म्हून बघितलं. तरी बघितलं. मी म्हणलं, "चल माय." आन ती चालली. देवळापर्यंत सरळ गेली.

सिद्धलिंगमामानं पायरीवर उभं राहून सांगितलं, "कावेरीबाईनं घोडी राखली. घोडी हाय तिथंच ऱ्हाईल." बायकांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला. तुझं नाव माझ्या तोंडाशी आलं होतं. मी घेतलं न्हाई. सगळी शाबासकी एकटीनं घेतली, घरी आणली. आता ती घरात पडून हाय, आन मला तिच्यासंगं काय करायचं ते कळून राहिलं न्हाई.

तू बसलीस ते कामून बसलीस, हे इचारायला मी चार कागद फाडले. न्हाई इचारत. तुझ्या जागी मी असते तर बसले नसते. तेवढं मला माझं माहीत हाय.

घोडी देणार न्हाई. तू मागू नको, मी देणार न्हाई.

उजव्या बुटाचा पट्टा टाचेवर थोडा घासतो, लाल झालंय, मी खोबरेल लावून राहिले. लावू देती. पाय उचलून देत न्हाई, पण टेकलेल्या पायाला हात लावू देती. खूर वाढून राहिलेत, म्हंजे माप पुन्हा बदलंल. संक्रांतीनंतर नवं माप घ्यावं लागंल, आन ते तूच घेणार, माझ्या कात्रीचा भरवसा न्हाई.

ह्या टायमाला मी घरी असताना ये. मी गोठ्याच्या बाहेर थांबणार न्हाई, आत तुझ्याजवळ उभी ऱ्हाईन. ती तुझ्या मांडीवर पाय कसा ठिवती ते मला एकदा बघायचंय.

कावेरी